प्रवेशाच्या दारात पैसे मागू नका

सरकारी महाविद्यालयांत फी असावी की नसावी, हा वाद कुठेही निघाला तरी दोन वाक्यं ठरलेली असतात. एकजण म्हणतो, शिक्षण हा हक्क आहे. दुसरा विचारतो, कारखान्यात राबणाऱ्या माणसाच्या करातून डॉक्टरच्या मुलीचं शिक्षण का करायचं? यानंतर दोघंही आपापल्या जागेवरून हलत नाहीत. हक्काची भाषा बोलणारा पैसा कुठून उभा राहील, जागा किती वाढतील, शिकवायला माणसं कुठून येतील, याचा हिशेब मांडत नाही. कामगाराचा कैवार घेणारा त्याच कामगाराच्या मुलीचं फीच्या तक्त्यापुढे काय होतं, याची चौकशी करत नाही. सगळा रोख 'फुकट कोणाला द्यावं' यावर राहतो आणि सरकार कोणावर तरी उपकार करायला निघालं आहे अशा सुरात बोललं जातं. महाविद्यालयाचा खर्च कोणीतरी देणारच आहे. तो सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळीच मागायचा, की कमावत्या माणसांकडून त्यांच्या कमाईच्या प्रमाणात, वर्षानुवर्षं, कराच्या रूपाने घ्यायचा, यावर वाद व्हायला हवा.

माझं मत असं की सरकारी पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी शिक्षण शुल्क घेऊच नये. गरिबाकडून नाही आणि श्रीमंताकडूनही नाही. खर्च उत्पन्नाबरोबर चढत जाणाऱ्या करांतून भागवावा. मात्र फी रद्द झाली की काम झालं, असं मानणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ते पुढे येईल. आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू.

फीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा 'हे उजव्या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं' म्हणून झटकता येत नाही, कारण तो १८७५ मध्ये कार्ल मार्क्सने मांडलेला आहे. जर्मन कामगार पक्षाच्या कार्यक्रमाच्या मसुद्यावर टीका करताना त्याने लिहिलं की काही राज्यांत उच्च शिक्षण विनाशुल्क असेल, तर वरच्या वर्गाच्या शिक्षणाचा खर्च सगळ्यांच्या करांतून भागवला जातो, एवढाच त्याचा अर्थ. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी तेच अधिक तिखटपणे सांगितलं. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा रयतेच्या कष्टाचा, तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि ज्यांच्याकडून महसूल वसूल होतो त्यांच्या मुलांना साधी प्राथमिक शाळा मिळत नाही. विसाव्या शतकात मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीही हाच आक्षेप घेतला की उच्च शिक्षणावरचं सरकारी अनुदान कमी मिळकतीच्या लोकांकडून जास्त मिळकतीच्या लोकांकडे पैसा नेतं. मार्क्स, फुले आणि फ्रीडमन ही तीन माणसं एका मुद्द्यावर येत असतील, तर त्याला नीट उत्तर दिलंच पाहिजे. आजही बहुतेक देशांत महाविद्यालयांमध्ये सुस्थितीतल्या घरांतली मुलं त्यांच्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त असतात. त्यामुळे महाविद्यालयावर खर्च केलेल्या पैशातला मोठा वाटा त्यांच्याकडे जातो. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण या आक्षेपात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र बांधलेल्या आहेत. महाविद्यालयात कोण पोहोचतं, ही एक. तिजोरीत पैसा कोण भरतं, ही दुसरी. फुल्यांच्या काळात दोन्ही बाजूंनी अन्याय होता. वसाहतीच्या तिजोरीचा मोठा आधार जमीन महसूल होता, म्हणजे भरणारा शेतकरी. आणि कॉलेजात बसणारा विद्यार्थी त्याच्या घरचा जवळपास कधीच नसे. आज एखाद्या देशात जास्त कमावणारा जास्त दराने कर भरत असेल, तर डॉक्टर आपल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च स्वतःच, अनेक पटींनी भरत असतो, आणि कामगाराच्या मुलाच्या खर्चातलाही काही भाग उचलतो. तो तसा भरत नसेल, श्रीमंतांना करातून पळवाटा असतील, तर तो करव्यवस्थेतला रोग आहे. महाविद्यालयाच्या खिडकीवर फी लावून तो बरा होत नाही, कारण मूल नसलेला किंवा मुलांना परदेशी पाठवणारा धनिक त्या खिडकीपाशी कधी येतच नाही.

फुल्यांचा दाखला देणाऱ्यांनी ते निवेदन शेवटपर्यंत वाचावं, अशी माझी विनंती आहे. सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावं, असं त्यांनी म्हटलेलं नाही. उलट, तसं झालं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असा इशारा दिला आहे. आणि सरकारी शिष्यवृत्त्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आज जास्त कामाचं आहे. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्ती देणं वरवर न्याय्य दिसतं, पण तिचा लाभ ज्यांच्यात शिक्षणाची गोडी आधीच रुजली आहे त्यांनाच होतो आणि बाकीचे वर्ग बाहेरच राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. 'फी ठेवा आणि हुशार गरिबांना शिष्यवृत्ती द्या' हा तोडगा मांडताना फुल्यांना साक्षीला बोलावणाऱ्यांना त्यांच्याच निवेदनात उत्तर मिळतं.

महाविद्यालयात कोण पोहोचतं, या पहिल्या तक्रारीचं उघडंवाघडं रूप ब्राझीलमध्ये दिसलं. तिथल्या १९८८ च्या राज्यघटनेने सरकारी संस्थांतलं शिक्षण विनाशुल्क ठरवलं. पण नावाजलेल्या सरकारी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा इतकी कठीण होती की महागड्या खासगी शाळांत शिकलेली मुलं तिथे फुकट शिकत, आणि सरकारी शाळेतून आलेली गरीब मुलं फी भरून खासगी महाविद्यालयांत जात. फीमुक्तीच्या विरोधकांना याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. मग ब्राझीलने काय केलं? फी लावली असती तर श्रीमंतांनी ती सहज भरली असती आणि गरीब तेव्हाही बाहेरच राहिले असते. २०१२ मध्ये कायदा करून केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी राखून ठेवण्यात आल्या, आणि त्यातही उत्पन्न व वंशानुसार वाटा ठरवण्यात आला. शिक्षण विनाशुल्कच राहिलं. आत कोण येतं, हा प्रश्न प्रवेशाच्या नियमांनी सोडवावा लागतो.

'मोजक्यांच्या शिक्षणाला सगळ्यांचा पैसा का?' हा सवाल एके काळी हायस्कूललाही विचारला गेला होता, हे आता कोणाच्या लक्षात नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामाझू इथल्या काही करदात्यांनी सार्वजनिक हायस्कूल करातून चालवण्याला न्यायालयात आव्हान दिलं. लिहिणं, वाचणं, हिशेब इतकं सगळ्यांच्या पैशातून शिकवा. अभिजात आणि आधुनिक परकीय भाषा हे थोड्यांचं भूषण, ज्यांना ते हवं आणि परवडतं त्यांनी स्वतःच्या पैशाने मिळवावं, असा त्या म्हणण्याचा आशय होता. १८७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी तो दावा फेटाळला. त्या वेळी हायस्कूलपर्यंत जाणारी मुलं खरोखरच थोडी होती आणि बऱ्या घरांतली होती, म्हणजे तक्रारदारांनी सांगितलेली वस्तुस्थिती चुकीची नव्हती. १९१० च्या सुमारासही तिथे शंभरातली नऊच मुलं हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. त्याला नोकऱ्यांचं बदलतं रूप आणि इतरही कारणं होती, पण शाळा फीशिवाय आणि घराजवळ उभी नसती, तर ती मुलं शिकली कुठे असती? आधी गरीब येऊ द्यात, मग विनाशुल्क करू, असं म्हणत बसलं असतं तर ते दार उघडलंच नसतं. भारतात तर प्राथमिक शिक्षणाबाबतही हेच घडलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेलं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. खर्च झेपणार नाही, लोकांकडून मागणी नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून तेच संस्थानभर लागू केलेलं असताना!

समंजस माणसं इथे एक मधला मार्ग सुचवतात. श्रीमंतांकडून पूर्ण फी घ्या, गरिबांना माफी द्या. कागदावर यात खोट काढणं अवघड आहे, म्हणूनच त्याकडे थोडं जवळून पाहायला हवं. माफी मिळवायची तर गरिबी सिद्ध करावी लागते. अर्ज असतो. वडिलांचं उत्पन्न, आईचं उत्पन्न, घरात माणसं किती, कमावती किती, मालमत्ता काय. वडील घर सोडून गेले असतील तर त्यांची सही कुठून आणायची? आईची कमाई रोजंदारीवरची असेल तर दाखला कोण देणार? दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न चांगलं होतं आणि मधल्या काळात नोकरी गेली, तर कोणता आकडा खरा धरायचा? अमेरिकेतल्या केंद्रीय विद्यार्थी मदतीच्या अर्जात वर्षानुवर्षं शंभराहून अधिक प्रश्न होते. तो सुटसुटीत करायला घेतला, तर २०२४ च्या प्रवेशांसाठीचा नवा अर्ज उशिरा आणि चुकांसह निघाला, आणि मदत किती मिळणार हे न कळताच लाखो मुलांना महाविद्यालय निवडण्याची वेळ आली. या सगळ्याचा त्रास कोणाला होतो? घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेलं असेल तर कोणीतरी अर्ज भरून देतं. ज्या मुलीच्या घरात ती पहिलीच आहे, ती एकटी त्या प्रश्नांसमोर बसते. माफी तिच्यासाठी आहे आणि अडथळाही तिच्याच वाटेत आहे.

मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून केलेला एक प्रयोग या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या घरांतली, उत्तम गुण मिळवणारी मुलं संशोधकांनी शोधली. त्यांतल्या काहींच्या घरी विद्यापीठाच्या रंगांतलं एक मोठं पाकीट आलं. आत पत्र होतं: तुला प्रवेश मिळाला तर चारही वर्षं फी लागणार नाही, आणि त्यासाठी मदतीचा कोणताही अर्ज भरावा लागणार नाही. पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही तसं कळवण्यात आलं. उरलेल्या मुलांना नेहमीची माहिती गेली. आता यातली मुख्य गोष्ट अशी की यांतल्या बहुतेक मुलांना, पत्र न मिळालेल्यांनाही, अर्ज केला असता तर जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. पैसा जवळजवळ तेवढाच होता. तरीही पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला आणि मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. ही सगळी गुणवान मुलं होती. 'आपल्याला परवडेल की नाही' या अनिश्चिततेने त्यांना दारापर्यंतही येऊ दिलं नव्हतं. फी आणि माफी यांची बेरीज हिशेबाच्या वहीत शून्य येत असेल, पण सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात ती शून्य येत नाही. त्याला फी दिसते. माफी मिळेल की नाही, ते कोणीतरी नंतर ठरवणार असतं.

शिवाय माफीची रेषा कुठेतरी आखावीच लागते. चिलीमध्ये हुकूमशहा पिनोशे यांच्या राजवटीत १९८१ पासून विद्यापीठांत फी आली. २०११ मध्ये तिथले विद्यार्थी महिनोन्महिने रस्त्यावर होते; त्या चळवळीतला गाब्रिएल बोरिच पुढे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. २०१६ पासून तिथे तळच्या ५० टक्के कुटुंबांतल्या मुलांना फीमुक्ती मिळाली, दोन वर्षांनी ती ६० टक्क्यांपर्यंत गेली. हे मोठंच पाऊल होतं. पण साठाव्या टक्क्याच्या जरा वर असलेल्या कुटुंबाचं काय? दक्षिण आफ्रिकेत २०१५ च्या फीविरोधी आंदोलनानंतर, डिसेंबर २०१७ मध्ये, वर्षाला साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी विनाशुल्क शिक्षणाची घोषणा झाली. तेव्हापासून तिथे रेषेच्या वरच्या बाजूला अडकलेल्या कुटुंबांची ओरड चालू आहे. ही कुटुंबं माफीसाठी श्रीमंत ठरतात आणि फीसाठी गरीब. अशा माणसाला बढती मिळाली तर मुलाची माफी जाते. आणि मग तो कोणावर चिडतो? रेषा आखणाऱ्यावर नाही, रेषेखालच्या शेजाऱ्यावर.

'मग काय, अब्जाधीशाच्या मुलालाही फुकट?' हो, त्यालाही. सरकारी शाळेत तो आला तर आपण त्याच्याकडून वेगळी फी मागत नाही. त्याच्या बापाकडून कर घ्यावा, भरपूर घ्यावा, आणि त्याचा मुलगा कामगाराच्या मुलीशेजारी त्याच बाकावर बसावा. तो सरकारी संस्थेत शिकत असेल तर त्या संस्थेची प्रयोगशाळा बंद पडू नये, यासाठी बोलणारा एक वजनदार आवाज तरी राहील.

आता कर्जाचा मुद्दा. फीच्या समर्थकांतले अभ्यासू लोक हल्ली म्हणतात की प्रवेशाच्या वेळी काहीच मागू नका. सरकारने कर्ज द्यावं आणि पदवीधराची कमाई ठरावीक पातळीच्या वर गेली तरच हप्ता कापावा. ऑस्ट्रेलियात गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने १९७४ मध्ये फी रद्द केली होती. १९८९ मध्ये तिथे अशी कर्जयोजना आली आणि ती बऱ्याच देशांनी अभ्यासली. बँकेच्या कर्जापेक्षा ही योजना कितीतरी माणुसकीची आहे, हे मान्य. इंग्लंडनेही पुढे तीच वाट धरली: १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंड आगाऊ, मग कर्जावर २००६ मध्ये ३,००० आणि २०१२ मध्ये ९,००० पौंडांपर्यंत फी. आणि इथे फीमुक्तीच्या बाजूच्या लोकांना एक गैरसोयीची गोष्ट स्वीकारावी लागते. ९,००० पौंडांनंतरही गरीब भागांतल्या, शाळेतून थेट येणाऱ्या तरुण मुलांचं विद्यापीठात जाण्याचं प्रमाण घसरलं नाही, वाढतच राहिलं. फी लागताच गरीब नाहीसे होतात, असं सरसकट म्हणता येत नाही.

पण त्याच इंग्लंडमध्ये अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या कोसळली. तिशी-चाळिशीतला, नोकरी करून संध्याकाळी शिकणारा, घर चालवणारा माणूस त्या कर्जाला भ्यायला. ज्या कामगाराच्या नावाने वाद सुरू होतो तो हाच. शिवाय या कर्जाची रचना पाहा. ठरावीक पातळीच्या वरच्या कमाईतून ९ टक्के कापले जातात, आधी ३० वर्षं, आणि २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ४० वर्षं. पगारातून चाळीस वर्षं कापली जाणारी रक्कम म्हणजे करच झाला. फरक इतकाच की ज्याच्या आईवडिलांनी फी रोख भरली त्याला तो लागत नाही. मोठ्या पगाराचा बँकर कर्ज झटपट फेडून मोकळा होतो. मधल्या पगाराची शिक्षिका वर्षानुवर्षं व्याजासह भरत राहते आणि एकूण त्याच्याहून जास्त भरते. पदवीधरांनी समाजाला परत द्यावं, हे तत्त्व मला मान्य आहे. मग ते सगळ्या पदवीधरांनी, कमाईच्या प्रमाणात द्यावं. त्यासाठी आयकर आहेच. आणि शेवटी सरकारलाच यातला भार उचलावा लागतो, हेही दिसून आलं आहे. ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये विद्यार्थ्यांची थकीत कर्जं २० टक्क्यांनी कमी करण्याचा कायदा केला. अमेरिकेत विद्यार्थी कर्जाचा डोंगर १.६ लाख कोटी डॉलरच्या वर गेला, बायडेन सरकारने त्यातला काही भाग माफ करायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. आधी फी लावायची, मग कर्ज द्यायचं, मग वसुलीची यंत्रणा उभारायची आणि वीस वर्षांनी माफीवर निवडणूक लढवायची, हा लांबचा फेरा कशासाठी?

फुकट मिळालेल्याची किंमत नसते, हे वाक्यही ऐकू येतं. त्यावर फार वेळ घालवायला नको. १९४४ मध्ये अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना महाविद्यालयाचा खर्च आणि राहण्याचा भत्ता द्यायचं ठरवलं, तेव्हा शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी विद्यापीठं भटक्यांचे तळ होतील, असा इशारा दिला होता. सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले आणि वर्गातले सर्वांत कसून अभ्यास करणारे विद्यार्थी म्हणून ते ओळखले गेले. त्या योजनेवरचा खरा डाग वेगळा होता: कृष्णवर्णीय सैनिकांना, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, तिचा लाभ जवळपास मिळू दिला गेला नाही.

आणि ज्या करदात्याच्या वतीने एवढा कळवळा व्यक्त होतो, त्याला कोणी विचारलं का? जर्मनीत विचारलं गेलं. तिथे २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने राज्यांना मुभा दिल्यावर सात राज्यांनी सत्राला ५०० युरोंपर्यंत फी सुरू केली. इतर देशांच्या मानाने ही रक्कम किरकोळच. बायर्न (बव्हेरिया) राज्यात २०१३ च्या जानेवारीत फी रद्द करण्याच्या मागणीसाठी लोकअर्ज खुला झाला. नियम असा की दोन आठवड्यांच्या मुदतीत मतदाराने स्वतः सरकारी कचेरीत जाऊन सही करायची, आणि दहा टक्के मतदार आले तरच मागणी पुढे जायची. दहा टक्क्यांहून अधिक आले. त्यांतल्या कितीजणांची मुलं विद्यापीठात असणार? तिथल्या पुराणमतवादी सरकारने त्याच वर्षी फी काढली, आणि २०१४ पर्यंत शेवटच्या राज्यानेही.

एवढं झाल्यावर आता आपल्याच बाजूशी बोलायला हवं. फी शून्य करणं सोपं आहे. कायद्यातली एक ओळ. महाविद्यालयाचं उत्पन्न त्या ओळीने बुडतं आणि सरकारने तेवढं अनुदान दिलं नाही तर काय होतं, याची उदाहरणं आहेत. इजिप्तमध्ये लेखक आणि शिक्षणमंत्री ताहा हुसेन यांनी शिक्षण पाण्यासारखं आणि हवेसारखं सर्वांना मिळावं, असा आग्रह धरला. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात, १९६२ मध्ये, विद्यापीठांतली फी गेली. विद्यार्थी लोटले, पैसा त्या मानाने वाढला नाही. वर्ग तुडुंब भरले आणि खऱ्या शिकण्यासाठी खासगी शिकवण्या लावाव्या लागू लागल्या. फी दारातून गेली आणि खिडकीतून परत आली. आयर्लंडमध्ये १९९६ मध्ये फी रद्द झाली, पण 'नोंदणी' म्हणून घेतली जाणारी लहानशी रक्कम चढत चढत २०१५ पर्यंत वर्षाला ३,००० युरोंवर पोहोचली. स्कॉटलंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांना फी नाही, पण त्यांच्यासाठी सरकार किती जागांचा खर्च देणार, यावर मर्यादा आहे. पात्र असूनही जागा न मिळालेल्या मुलाला फी नव्हती, याचा काय आनंद?

दुसरी अडचण राहण्या-खाण्याची. स्वीडनमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क नाही, आणि तरीही तिथले विद्यार्थी बऱ्यापैकी कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडतात, कारण खोलीचं भाडं, जेवण, पुस्तकं आणि प्रवास यांचा खर्च उरतोच. गरीब घरातल्या मुलाच्या बाबतीत तर चार वर्षांची न मिळवलेली मजुरी हाही खर्चच आहे, आणि तो फीपेक्षा मोठा असू शकतो. तिथे उत्पन्न पाहून निर्वाहभत्ता द्यायला माझी हरकत नाही. भत्ता उशिरा आला तर त्रास होतो, पण प्रवेशाचं दार त्यामुळे बंद होत नाही.

तिसरी गोष्ट विद्यापीठात न जाणाऱ्यांची, आणि इथे जर्मनीकडेही बोट दाखवावं लागतं. तिथे विद्यापीठातली पदवी विनाशुल्क आहे, पण कारागिराला आपल्या धंद्यात 'माइस्टर' व्हायचं असेल तर त्या अभ्यासक्रमाला पैसे मोजावे लागतात, सरकारी मदत मिळत असली तरी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला शून्य आणि विजेच्या कामात पारंगत होऊ पाहणाऱ्याला बिल, याचं समर्थन मी करू शकत नाही. कामगाराच्या करातून डॉक्टरची मुलगी शिकते या तक्रारीला खरं बळ मिळतं ते अशा ठिकाणी.

पैसा मर्यादित असलेल्या देशात आधी प्राथमिक शाळा, हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. वाचता न येणारी मुलं पाचवी-सहावीत जात असतील तर पहिला हक्क त्यांचा. म्हणून फीमुक्तीची सुरुवात वैद्यकीय किंवा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांपासून करू नये. आधी धंदेशिक्षणाच्या संस्था आणि संध्याकाळचे वर्ग, मग लहान गावांतली पदवी महाविद्यालयं, मग मोठी विद्यापीठं, असा क्रम लावावा आणि प्रत्येक टप्प्यावर शाळांच्या वाट्याचा पैसा कमी होणार नाही, हे आधीच बांधून घ्यावं. आणि फी रद्द करणाऱ्या कोणत्याही कायद्यात दर विद्यार्थ्यामागे सरकार किती अनुदान देणार, ते महागाईबरोबर कसं वाढणार आणि किती जागा नव्याने निघणार, हे आकड्यांत लिहिलेलं नसेल, तर फीमुक्तीच्या समर्थकांनीच त्या कायद्याविरुद्ध मत द्यावं.